तळपायाची चामखीळ : कुरूप नव्हे, विषाणूचा संसर्ग

चपलेत खडा गेला असावा असे वाटून चप्पल झटकली जाते. खडा काही सापडत नाही. काटा रुतला असेल म्हणून पाय उलटा करून पाहिला, तर टाचेवर किंवा चवड्यावर मुगाएवढा, कडक, खरखरीत उंचवटा दिसतो. घरातील वडीलधारी मंडळी त्याला पाहताक्षणी 'कुरूप' ठरवून मोकळी होतात. औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणली जाते, कोणी ब्लेडने वरची कातडी तासून देतो, आठवडाभर बरे वाटते आणि पुन्हा तेच दुखणे सुरू होते. काही महिन्यांनी एकाच्या जागी तीन-चार उंचवटे दिसू लागतात आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी पायावरही तसाच एक उगवतो. कुरूप असे पसरत नाही. पसरते ती चामखीळ.

तळपायावरील चामखीळ हा जिवावर बेतणारा विकार नव्हे. तरीही तो नीट समजून घेणे आवश्यक आहे. एकतर चुकीच्या निदानामुळे महिनोन्महिने वेदना सोसाव्या लागतात. दुसरे म्हणजे, घरगुती कापाकापी आणि दाहक पदार्थांचे प्रयोग मूळ विकारापेक्षा अधिक हानी करतात. मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत तर ही हानी पायावर बेतू शकते.

चामखीळ म्हणजे काय?

चामखीळ हा त्वचेला होणारा विषाणुजन्य संसर्ग आहे. तो ज्या विषाणूमुळे होतो त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, संक्षेपाने एचपीव्ही. इटलीतील वैद्यक ज्युसेप्पे चुफो यांनी १९०७ मध्ये चामखिळीचा अर्क जीवाणूही अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि तो गाळ स्वतःच्याच त्वचेत टोचून घेतला. काही महिन्यांनी तेथे चामखिळी उगवल्या. जीवाणूहूनही सूक्ष्म असे काहीतरी या विकाराच्या मुळाशी आहे, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत. तळपायावर प्रामुख्याने १, २, ४, २७ आणि ५७ या क्रमांकांचे प्रकार आढळतात. एचपीव्ही हे नाव गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या संदर्भात अनेकांच्या कानावर आलेले असते आणि त्यामुळे रुग्ण, विशेषतः लहान मुलांचे पालक घाबरून जातात. त्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारे १६ व १८ यांसारखे प्रकार वेगळे आहेत. पायावरील चामखीळ आणि तो कर्करोग यांचा संबंध नाही. त्याच कारणाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध दिली जाणारी लस पायाच्या चामखिळीपासून संरक्षण देण्यासाठी बनवलेली नाही.

हा विषाणू त्वचेच्या अगदी वरच्या भागात, म्हणजे बाह्यत्वचेतच राहतो. तो रक्तात शिरत नाही आणि खालच्या थरांत मुळे सोडत नाही. 'चामखिळीचे मूळ खोलवर गेले आहे, ते उपटल्याशिवाय ती जाणार नाही' ही समजूत चुकीची आहे. विषाणूमुळे बाह्यत्वचेच्या पेशी वेगाने वाढतात आणि जाड, कडक थर तयार होतो. शरीरावर इतरत्र चामखीळ बाहेरच्या बाजूला वाढते. तळपायावर मात्र शरीराच्या वजनाखाली ती आत दाबली जाते. म्हणूनच ती सपाट दिसते आणि चालताना खड्यासारखी टोचते. अनेक लहान चामखिळी एकमेकींना चिकटून फरशीच्या नक्षीसारखा चट्टा तयार झाला, तर त्याला मोझेक चामखीळ म्हणतात. हा प्रकार दुखतो कमी, पण उपचारांना दाद देण्यात सर्वांत चिवट असतो.

संसर्ग कसा होतो?

अखंड, कोरड्या त्वचेतून हा विषाणू सहसा आत शिरू शकत नाही. त्याला बारीकशी फट लागते. टाचांच्या भेगा, बुटाने घासलेली जागा, खडबडीत फरशीवर झालेले ओरखडे, पाण्यात राहून मऊ झालेली कातडी ही त्याची प्रवेशद्वारे होत. पोहण्याच्या तलावाचा ओला काठ, सार्वजनिक स्नानगृहे, वसतिगृहे, व्यायामशाळेतील कपडे बदलण्याच्या खोल्या अशा ठिकाणी अनवाणी वावरताना संसर्गाची शक्यता वाढते. या विषाणूला स्निग्ध बाह्य आवरण नसल्यामुळे तो शरीराबाहेरही बराच काळ तग धरतो.

तथापि सगळा दोष तरणतलावाच्या माथी मारणे योग्य नाही. नेदरलँड्समधील प्राथमिक शाळांतील मुलांच्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश मुलांना हातापायांवर चामखिळी असल्याचे आढळले. पुढील अभ्यासात, घरातील कोणाला आणि वर्गातील किती मुलांना चामखिळी आहेत, यावर नवीन संसर्ग मोठ्या प्रमाणात अवलंबून असल्याचे दिसून आले. थोडक्यात, घरातील ओली मोरी, सर्वांनी मिळून वापरलेला पायपुसण्याचा टॉवेल आणि एकच वज्री यांकडे तलावाइतकेच लक्ष द्यायला हवे.

संसर्ग झाल्यावर चामखीळ लगेच दिसत नाही. सामान्यतः दोन ते सहा महिने, कधीकधी वर्षाहूनही अधिक काळ जातो. त्यामुळे ती नेमकी कोठून आली, हे शोधण्यात फारसा अर्थ नसतो. शाळकरी मुले आणि तरुण यांच्यात तिचे प्रमाण अधिक असते. अवयव प्रत्यारोपणानंतर किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत, तसेच एचआयव्हीबाधितांत चामखिळी संख्येने जास्त येतात आणि दीर्घकाळ टिकतात.

कुरूप, घट्टा की चामखीळ?

उपचारांचा सारा भर योग्य निदानावर असतो. अन्यथा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. घट्टा म्हणजे सततच्या घर्षणाने जाड झालेली पसरट कातडी. कुरूप, ज्याला काही भागांत भोवरी म्हणतात, हे दाबामुळे तयार होते आणि त्याच्या मध्यभागी पाचरीसारखा कठीण गाभा असतो. या दोन्हींमागे विषाणू नाही. दाब आणि घर्षण हेच कारण असते. आपल्या प्राचीन वैद्यकानेही हा भेद केलेला आहे. सुश्रुतसंहितेत खडे-काट्यांच्या आघाताने पायाला होणाऱ्या गाठीला 'कदर' म्हटले आहे, तर 'चर्मकील' हा निराळा विकार मानला आहे. आपला 'चामखीळ' हा शब्द त्या चर्मकीलावरूनच आला.

घरी चांगल्या उजेडात भिंगाने पाहिल्यास तीन गोष्टींवरून बराचसा उलगडा होतो.

पहिली, त्वचेवरील रेषा. बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा तळपायावरही असतात. कुरूप व घट्ट्यावरून त्या सलग जातात. चामखिळीपाशी त्या तुटतात आणि तिला वळसा घालून पुढे जातात.

दुसरी, काळे ठिपके. चामखिळीत मोहरीहूनही बारीक काळपट-तांबूस ठिपके दिसतात. अनेकजण त्यांना 'बी' समजतात. प्रत्यक्षात त्या रक्त गोठलेल्या सूक्ष्म केशवाहिन्या असतात. वरचा थर तासल्यावर त्या ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे रक्त येते. कुरपात असे ठिपके नसतात. मध्ये फिकट, अर्धपारदर्शक गाभा दिसतो.

तिसरी, दुखण्याची तऱ्हा. कुरूप वरून थेट दाबल्यावर अधिक दुखते, तर चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर. ही खूण ढोबळ आहे, पण पहिल्या दोन खुणांसोबत उपयोगी पडते.

उपचार करावेच लागतात का?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'नेहमीच नाही' असे आहे. शरीराच्या प्रतिकारशक्तीला विषाणूची ओळख पटली की चामखिळी आपोआप विरून जातात आणि मागे व्रणही राहत नाही. मुलांमध्ये सुमारे दोनतृतीयांश चामखिळी दोन वर्षांत कोणत्याही उपचाराविना नाहीशा होतात, असे जुन्या निरीक्षणांतून दिसून आले आहे. प्रौढांत हा काळ लांबतो. पाच-पाच वर्षे टिकून राहणाऱ्या चामखिळीही आढळतात.

म्हणून लहान मुलाला चामखीळ आहे, पण दुखत नाही आणि वाढतही नाही, अशा वेळी वाट पाहणे हाही एक शास्त्रशुद्ध निर्णय आहे. चालताना वेदना होत असतील, चामखिळींची संख्या वाढत असेल, घरातील इतरांना संसर्ग होऊ लागला असेल किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर उपचार करावेत. चामखीळ आपोआप जाण्याच्या या प्रवृत्तीमुळेच अंगारे-धुपारे, मंत्र, दोरे आणि घोड्याच्या शेपटीचा केस यांना आजवर श्रेय मिळत आले आहे. कोणत्याही 'हमखास' उपायाची कथा ऐकताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सॅलिसिलिक आम्ल : साधा पण संयमाचा उपाय

घरी करता येण्याजोग्या उपचारांत सर्वाधिक आधार लाभलेले औषध म्हणजे सॅलिसिलिक आम्ल. ते विषाणूला थेट मारत नाही. कडक कातडीचे थर सैल करून ते संसर्गित पेशी हळूहळू काढून टाकते. शिवाय त्यामुळे होणाऱ्या सौम्य दाहाने प्रतिकारशक्ती जागी होते, असे मानले जाते. बाजारात ते साधारण १७ टक्के तीव्रतेच्या द्रवाच्या स्वरूपात, बहुधा लॅक्टिक आम्लासह, आणि ४० टक्क्यांच्या चिकटपट्टीच्या स्वरूपात मिळते. औषध डॉक्टरांच्या किंवा किमान जाणकार औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने निवडावे.

वापरण्याची पद्धत अशी. रात्री झोपण्यापूर्वी पाय कोमट पाण्यात पाच ते दहा मिनिटे बुडवून ठेवावा. मऊ झालेला पांढरा थर वज्रीने किंवा नखे घासायच्या कानशीने हलकेच घासून काढावा. रक्त येईपर्यंत घासू नये. पाय पूर्ण कोरडा करावा. भोवतालच्या निरोगी त्वचेवर पेट्रोलियम जेली लावावी म्हणजे तेथे आग होणार नाही. नंतर औषधाचा थेंब केवळ चामखिळीवर लावून वाळू द्यावा आणि वरून चिकटपट्टी लावावी. त्या जागेची आग होऊ लागली वा ती लाल झाली, तर दोन-तीन दिवस औषध थांबवून पुन्हा सुरू करावे. या कामासाठी वापरलेली वज्री निराळी ठेवावी, पायाच्या इतर भागावर वापरू नये आणि उपचार संपल्यावर टाकून द्यावी.

हा उपाय रोज आणि सुमारे बारा आठवडे करावा लागतो. बहुतेकांचा संयम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपतो आणि 'औषध लागू पडले नाही' असा निष्कर्ष काढला जातो. चामखीळ गेली असे केव्हा समजावे? त्या जागी त्वचेच्या रेषा पुन्हा सलग दिसू लागल्या आणि काळे ठिपके नाहीसे झाले की. नुसता उंचवटा सपाट होणे म्हणजे बरे होणे नव्हे.

दवाखान्यातील उपचार

गोठवण्याचा उपचार, म्हणजे क्रायोथेरपी, त्वचारोगतज्ज्ञांकडे सर्वाधिक प्रमाणात केला जातो. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप नायट्रोजन चामखिळीवर काही सेकंद फवारतात किंवा कापसाच्या बोळ्याने लावतात. त्या जागी फोड येतो आणि काही दिवसांत मृत कातडी गळते. साधारणतः दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. हा उपचार वेदनादायक असतो, त्यामुळे लहान मुलांना तो सहसा सोसवत नाही.

दवाखान्यातील उपचार म्हणजे अधिक प्रभावी, असा आपला समज असतो. ब्रिटनमध्ये तळपायाच्या चामखिळी असलेल्या २४० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एका गटाला द्रवरूप नायट्रोजन आणि दुसऱ्या गटाला घरी लावण्यासाठी ५० टक्के सॅलिसिलिक आम्ल देण्यात आले. बारा आठवड्यांनंतर पूर्ण बरे होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे सुमारे १४ टक्के होते. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. खर्चिक व वेदनादायक उपायाआधी साधा उपाय करून पाहणे शहाणपणाचे आहे. आणि कोणताही उपाय तीन महिन्यांत खात्रीने गुण देईलच, अशी अपेक्षा बाळगणे चूक आहे.

चिकटपट्टीने चामखीळ झाकून ठेवण्याच्या उपायाचीही अशीच कहाणी आहे. २००२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका लहान अभ्यासात साध्या डक्ट टेपने गोठवण्यापेक्षाही अधिक यश मिळाल्याचे दिसले आणि जगभर त्याची चर्चा झाली. मात्र २००६ मध्ये मुलांवर आणि २००७ मध्ये प्रौढांवर झालेल्या चाचण्यांत त्याचा ठोस फायदा सिद्ध झाला नाही.

चिवट चामखिळींसाठी प्रतिकारशक्तीला चेतवणारे उपचार आहेत. गोवर-गालगुंड-रुबेला यांची संयुक्त लस किंवा 'ड' जीवनसत्त्व थेट चामखिळीत टोचण्याची पद्धत भारतातील अनेक त्वचारोग विभागांत वापरली जाते. चामखिळीचाच बारीक तुकडा रुग्णाच्या हाताच्या त्वचेखाली ठेवण्याची पद्धतही रूढ आहे. या उपचारांत एका ठिकाणी औषध देऊन दूरच्या चामखिळीही जाऊ शकतात, हे त्यांचे वैशिष्ट्य. परंतु त्यांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत आणि वर उल्लेखिलेली लस जिवंत विषाणूंची असल्याने गर्भवतींना व प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना ती देत नाहीत. याखेरीज ब्लिओमायसिनचे इंजेक्शन, विद्युतदहन आणि लेसर यांचा पर्याय असतो.

शस्त्राने चामखीळ कापून काढण्याचा आग्रह रुग्णांनी धरू नये. तळपायावर टाके घातलेल्या जागी राहणारा व्रण प्रत्येक पावलाला दुखू शकतो आणि भोवतालच्या त्वचेत विषाणू शिल्लक राहिल्यास त्याच्या कडेने चामखीळ पुन्हा उगवते. चामखीळ कधीतरी जाते. व्रण मात्र जन्मभर सोबत करतो.

बिब्बा, चुना आणि ब्लेड

आपल्याकडे कुरूप वा चामखिळीवर बिब्बा घालण्याची, चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र करून लावण्याची, रुईचा चीक सोडण्याची किंवा पेटत्या उदबत्तीने डागण्याची प्रथा आहे. या साऱ्यांचे तत्त्व एकच, ते म्हणजे कातडी जाळणे. फरक असा की औषधातील आम्लाची तीव्रता मोजलेली असते. बिब्ब्याच्या तेलाची वा चुन्याची नसते. बिब्ब्याने मोठे फोड येतात, चट्टे पसरतात आणि काहींना अंगभर तीव्र ॲलर्जी होते. रुईच्या चिकाचा हात चुकून डोळ्याला लागला, तर बुबुळाला इजा होते.

ब्लेडने कापणे हा प्रकार तितकाच घातक आहे. रस्त्याच्या कडेला बसून कुरूप काढून देणाऱ्यांचे पाते एका पायावरून दुसऱ्या पायावर फिरते. त्यातून चामखिळीचा विषाणू तर पसरतोच, पण रक्तातून पसरणारे कावीळ-ब व एचआयव्ही यांसारखे संसर्ग आणि धनुर्वात यांचाही धोका संभवतो. ब्युटी पार्लरमध्ये पाय स्वच्छ करून घेतानाही तेथील उपकरणे निर्जंतुक केलेली आहेत काय, हे विचारण्यात संकोच करू नये.

मधुमेहींसाठी स्वतंत्र इशारा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते आणि रक्तपुरवठाही कमी होतो. अशा पायावर कॉर्न कॅप लावली असता कातडी जळत असूनही ते जाणवत नाही. कॉर्न कॅपमध्येही सॅलिसिलिक आम्लच असते, हे अनेकांना ठाऊक नसते. जखम होते, ती भरत नाही, त्यात जंतुसंसर्ग होतो आणि प्रसंगी बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते.

म्हणून मधुमेह, पायांतील रक्ताभिसरणाचा विकार किंवा पायांना बधिरता असलेल्यांनी सॅलिसिलिक आम्ल, कॉर्न कॅप, वज्रीने घासणे, गोठवणे यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने करू नये. चामखीळ असो वा कुरूप, आधी डॉक्टरांना पाय दाखवावा. घरातील वृद्ध मधुमेहींचे तळपाय त्यांना स्वतःला वाकून पाहता येत नाहीत. ते काम रोज घरातील कोणीतरी करावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

चामखिळीबाबत निदानाची खात्री नसेल, तिच्यातून वारंवार रक्त येत असेल, पू झाला असेल, तिचा रंग वा आकार झपाट्याने बदलत असेल, किंवा तीन महिन्यांच्या नियमित उपचारानंतरही फरक पडत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. तळपायावर पसरणारा काळा डाग किंवा वर्षानुवर्षे वाढत जाणारा, दुर्गंधी येणारा फुलकोबीसारखा उंचवटा ही क्वचित त्वचेच्या कर्करोगाची चिन्हे असू शकतात. मेलॅनोमा हा कर्करोग सावळ्या वर्णाच्या लोकांत तुलनेने दुर्मीळ असला, तरी तो झाल्यास बहुधा तळपाय, तळहात वा नखांखाली होतो. अशा वेळी छोटा तुकडा काढून तपासणी करणे गरजेचे असते. प्रौढ वयात प्रथमच एकाएकी अनेक चामखिळी उगवल्या, तर प्रतिकारशक्ती खालावण्याचे काही कारण आहे काय, याचाही शोध घ्यावा लागतो.

प्रतिबंध

तलाव, सार्वजनिक स्नानगृह व वसतिगृहात रबरी चप्पल वापरावी. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. टाचांच्या भेगांना रात्री स्निग्ध मलम लावावे, कारण तीच विषाणूची प्रवेशद्वारे असतात. चप्पल, मोजे, टॉवेल आणि वज्री प्रत्येकाची स्वतंत्र असावी. घाम येणाऱ्या पायांसाठी सुती मोजे वापरून ते रोज बदलावेत. चामखीळ नखाने कुरतडू नये. तसे केल्याने ती बोटांवर आणि नखांभोवती उगवते. चामखीळ असलेल्या मुलाला पोहायला वा खेळायला बंदी करण्याचे कारण नाही. ती जलाभेद्य चिकटपट्टीने झाकली आणि काठावर चप्पल वापरली म्हणजे पुरे. उपचार चालू असताना वेदना कमी करण्यासाठी मऊ एमसीआर तळाच्या चपला किंवा मध्ये भोक असलेली फेल्टची गादी उपयोगी पडते.

तळपायाच्या चामखिळीवर एका रात्रीत गुण देणारे औषध आजही उपलब्ध नाही. योग्य निदान, साध्या औषधाचा चिकाटीने वापर, धारदार आणि दाहक वस्तूंपासून दूर राहणे आणि गरज पडेल तेव्हा वेळेवर तज्ज्ञांचा सल्ला या चार गोष्टी पाळल्या, तर बहुतेक रुग्णांचा हा त्रास पायाला कायमची इजा न होता संपतो.